पत्ता नसलेला पॉइंटर

नाशिकमध्ये संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दोन वाटांनी आलेली मुले एका बाकावर बसतात. एक वाट तंत्रनिकेतनाची. दहावी, मग पदविका, पदविकेत महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमातली सी भाषा, आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दुसरी वाट बारावी आणि सीईटीची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात या मुलांना पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगची ओळख पायथॉनमधून करून दिली गेली. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला फळ्यावर लिंक्ड लिस्टची पहिली चौकट आली आणि तिच्यातून बाण निघाला, की दोन वाटांमधला फरक उघडा पडतो. पदविकेच्या मुलाला पॉइंटर माहीत असतो, पण तो स्टार आणि अँपरसँडच्या चिन्हांत अडकलेला. पॉइंटर म्हणजे मेमरीचा पत्ता, हे वाक्य त्याला पाठ असते. पायथॉनकडून आलेल्या मुलीने ऐकलेले असते की तिच्या भाषेत पॉइंटर नसतातच, ते सी मधले लचांड आहे. मग फळ्यावरचा तो बाण तिने तिच्या भाषेत कशाने काढायचा? हे पुस्तक या एका प्रश्नासाठी लिहिलेले आहे. उत्तर मी लांबणीवर टाकत नाही. बाण दोन्ही भाषांत तोच आहे. वरच्या पातळीच्या भाषांत पॉइंटर ही संकल्पना आहे, आणि ती तिथे चुकून मागे राहिलेली नाही; तिचा जन्मच तिथला आहे. या भाषांतून गेला तो पत्ता, आणि पत्त्याच्या जोरावर चालणारी मनमानी.

हा दावा उलटा वाटेल, कारण आपल्याकडे शिकवताना एक उतरंड ठरून गेली आहे. तळाला मशीन लँग्वेज, वर असेंब्ली, मग ‘मिडल लेव्हल’ म्हणून सी, आणि सर्वांत वर जावा, पायथॉन. सी ला मिडल लेव्हल का म्हणतात हा तोंडी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरात पॉइंटरचे नाव हमखास येते. त्यातून समज पक्का होतो की यंत्राच्या जितके जवळ जावे तितके पॉइंटर जास्त, आणि जितके वर चढावे तितके कमी. प्रत्यक्षात अगदी तळाशी उतरून पाहिले तर पॉइंटर दिसतच नाही. प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये एक संख्या असते. ती पगाराची रक्कम आहे, एखाद्या अक्षराचा सांकेतिक क्रमांक आहे, की मेमरीतल्या कप्प्याचा पत्ता आहे, हे तिच्यावर कुठेही लिहिलेले नसते. पुढची सूचना तिला जशी वापरेल तशी ती. तीच संख्या एका ओळीत पत्ता आणि दुसऱ्या ओळीत बेरजेचा आकडा होऊ शकते. यंत्राची काही हरकत नसते. ‘ही किंमत म्हणजे एका वस्तूकडे जाण्याचा मार्ग आहे, हिला पगारासारखे गुणायचे नाही’ असा भेद करायचा तर भाषा लागते, आणि त्या भेदाची जाण असलेली भाषा लागते. असेंब्लीत पत्ते आहेत आणि पत्त्यावरून पत्त्याकडे जाण्याची सोयही आहे. पॉइंटर हा वेगळा, नाव असलेला, नियम असलेला पदार्थ मात्र तिथे नाही.

इतिहास पाहिला तर हेच दिसते. कीव्ह शहरात कतेरिना युश्चेन्को यांनी १९५५ मध्ये ‘ॲड्रेस’ नावाची भाषा तयार केली. पत्त्यावरून पत्त्याकडे जाण्याची क्रिया तिच्यात यंत्राच्या सूचनांपासून सोडवून भाषेच्या चिन्हांत आणलेली होती. १९५८ मध्ये अमेरिकेत एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी लिस्पचे काम सुरू केले. लिस्पमधली यादी म्हणजे दोन-दोन खणांच्या जोड्यांची साखळी. एका खणात घटक, दुसऱ्यात पुढच्या जोडीकडे नेणारा दुवा. त्या दोन खणांना ‘कार’ आणि ‘कुडर’ ही नावे पडली ती आयबीएम ७०४ या यंत्राच्या शब्दातल्या दोन भागांवरून. ते यंत्र कधीच भंगारात गेले, नावे राहिली, आणि दुवेही राहिले. लिस्प लिहिणाऱ्याला मात्र त्या दुव्यामागचा आकडा कधी पाहावा लागला नाही. पुढे १९६४ च्या सुमारास हॅरल्ड लॉसन यांनी पीएल/वन या भाषेसाठी पॉइंटर व्हेरिएबल घडवले. २००० साली आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने त्यांना कॉम्प्युटर पायोनियर पुरस्कार दिला तो याच कामासाठी. सर्वसाधारण वापराच्या, वरच्या पातळीच्या भाषेत लिंक्ड लिस्ट मोकळेपणाने हाताळता येऊ लागल्या, हे त्याचे श्रेय. ज्या गोष्टीला आपण खालच्या पातळीची खूण म्हणतो तिच्या शोधाचा गौरव वरच्या पातळीच्या भाषेची सोय म्हणून झालेला आहे, हे आपल्या नोट्समध्ये कुठेच येत नाही.

फोरट्रानची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९५७ ची ही भाषा गणितासाठी होती आणि तिच्यात पॉइंटर नव्हता. म्हणून फोरट्रान वापरणारे लोक याद्या आणि झाडे बांधायचे थांबले का? नाही. त्यांनी दोन ॲरे घेतले. एकात माहिती, दुसऱ्यात पूर्णांक : ‘पुढचा घटक सतराव्या जागेवर’. सतरा हा मेमरीचा पत्ता नाही, तो ॲरेतला क्रमांक आहे, पण काम तोच करतो. शून्य किंवा उणे एक लिहिले की यादी संपली. फोरट्रान ९० च्या मानकात शेवटी पॉइंटर आला, तोवर तीसहून अधिक वर्षे लोक तो हाताने बनवत होते. एखादी गोष्ट भाषेतून काढून टाकली तरी वापरणारे ती पुन्हा बांधून घेतात, तेव्हा ती गोष्ट यंत्राची नसून प्रश्नाची असते. ज्या माहितीत एक वस्तू दुसऱ्या वस्तूशी जोडलेली आहे, आणि ती जोडणी चालू प्रोग्रॅममध्ये बदलते आहे, तिथे दुवा लागतोच. तो लपवता येतो, सुरक्षित करता येतो, त्याचे नाव बदलता येते. वगळता येत नाही.

आता ‘पॉइंटर’ म्हणताना आपण नेमके काय म्हणतो ते उलगडले पाहिजे, कारण सगळा घोळ इथे आहे. सी शिकताना तीन गोष्टी एका गाठोड्यात हातात येतात. पहिली, दुवा : या किंमतीवरून त्या वस्तूपर्यंत जाता येते, आणि दोन दुवे एकाच वस्तूकडे नेऊ शकतात. दुसरी, पत्ता : तो दुवा एका आकड्याच्या रूपात छापून पाहता येतो. तिसरी, सत्ता : त्या आकड्यात एक मिळवून शेजारच्या कप्प्यात जाता येते, आणि कप्पा कधी सोडायचा हे आपणच ठरवायचे असते. यांतली संकल्पना पहिली. उरलेल्या दोन त्या संकल्पनेला सी ने दिलेल्या सोयी आहेत. निकलाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कलमध्ये पॉइंटर पॉइंटर म्हणूनच होता, पण त्यात एक मिळवण्याची मुभा नव्हती. पास्कलमध्ये पॉइंटर नव्हता असे कोणी म्हणत नाही. २००९ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या गो भाषेतही पॉइंटर आहेत, स्टार आणि अँपरसँडसकट, आणि तिथेही त्यांच्यावर अंकगणित चालत नाही. म्हणजे अंकगणित हे पॉइंटरचे लक्षण नव्हे. आणि गंमत अशी की खुद्द सी मध्येही पॉइंटर म्हणजे निव्वळ आकडा नाही. सी च्या मानकानुसार दोन वेगवेगळ्या ॲरेंतल्या पॉइंटरांची लहान-मोठी तुलना केली तर निकालाची हमी नाही. ॲरेच्या शेवटानंतरच्या एका जागेपलीकडे पॉइंटर नुसता नेला तरी प्रोग्रॅमचे वर्तन अनिश्चित ठरते. आकड्यांना असले निर्बंध नसतात. पॉइंटर कोणत्या वस्तूचा आहे याला तिथेही महत्त्व आहे. पदविकेच्या मुलाने पाठ केलेले वाक्य सी च्या बाबतीतही अर्धेच खरे आहे.

इथे जावाचे समर्थक पुढे येतील, आणि त्यांच्या हातात पुरावा आहे. जावा बाजारात आली तेव्हा तिच्या निर्मात्यांनी काढलेल्या परिचयपुस्तिकेत, सी आणि सी++ मधून काढून टाकलेल्या गोष्टींत, पॉइंटर ठळकपणे होते. घडवणारेच म्हणतात नाहीत, तर आपण आहेत म्हणणारे कोण? पण त्याच भाषेचे अधिकृत विनिर्देश उघडले तर रेफरन्सची व्याख्याच अशी दिलेली आहे की रेफरन्स किंमती म्हणजे ऑब्जेक्टकडे नेणारे पॉइंटर, आणि शिवाय कशाकडेच न नेणारा एक नल. आणि जावा शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात भेटणारी चूक कोणती? नल पॉइंटर एक्सेप्शन. परिचयपुस्तिका ग्राहकासाठी होती, विनिर्देश कंपायलर लिहिणाऱ्यासाठी आहे. दोघांत मतभेद असेल तर मी दुसऱ्यावर विश्वास ठेवीन. नल ही कल्पना टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी आणली, आणि २००९ मध्ये स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. ती भाषा पत्ते दाखवत नव्हती. चूक पत्त्याची नव्हती. ‘दुवा आहे, पण पलीकडे काहीच नाही’ या शक्यतेची होती, आणि म्हणून पत्ते गेल्यानंतरही ती जावात जशीच्या तशी उतरली.

निफाड तालुक्यातल्या एखाद्या द्राक्षबागेचा सातबारा डोळ्यांपुढे आणा. उताऱ्यावर गाव आहे, गट क्रमांक आहे; बाग उताऱ्यावर नाही. उताऱ्याची दुसरी प्रत काढली म्हणून दुसरी बाग उगवत नाही. एका प्रतीच्या आधारे कोणी बागेत जाऊन छाटणी केली, तर दुसरी प्रत हातात असलेल्यालाही छाटलेलीच बाग दिसेल. पण त्याने आपल्या हातातली प्रत टाकून दुसऱ्याच गटाचा उतारा उचलला, तर तुमच्या हातातल्या उताऱ्यावरचा गट बदलत नाही. जावात मेथडला ऑब्जेक्ट देताना नेमके हेच घडते : प्रत दिली जाते ती उताऱ्याची. म्हणून मेथडच्या आत यादीत घटक घातला तर तो बाहेर दिसतो, आणि मेथडच्या आत दोन ऑब्जेक्टांची अदलाबदल केली तर बाहेर काहीच हलत नाही. ‘जावा पास बाय व्हॅल्यू की पास बाय रेफरन्स’ या प्रश्नावर मुले तासन्‌तास वाद घालतात. उतारा आणि बाग वेगळी केली की वाद उरत नाही. बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात सीएलयू भाषेसाठी या पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ असे नेमके नाव दिले होते. पायथॉनही याच पद्धतीने चालते. सी मध्ये एवढेच जास्त आहे की हातातल्या उताऱ्यावरच्या गट क्रमांकात एक मिळवून शेजाऱ्याच्या शेतात शिरता येते, आणि अडवायला कोणी नसते.

पायथॉनचे एक उदाहरण जवळून पाहू, कारण ‘आमच्या भाषेत पॉइंटर नाहीत’ हा समज तिथे सर्वांत घट्ट आहे. फुली-गोळ्यासाठी तीन बाय तीनचा फळा हवा आहे. विद्यार्थिनी आधी एक रांग करते : रांग = ['-'] * ३. मग फळा = [रांग] * ३. छापून पाहते, तीन ओळी, प्रत्येकीत तीन रेघा, सगळे नीट. आता डावीकडच्या वरच्या घरात फुली मांडते : फळा[०][०] = '×'. पुन्हा छापते, तर तिन्ही ओळींच्या पहिल्या घरात फुली. एक खेळी केली आणि उभी रांग जिंकून बसली. पॉइंटर नावाची गोष्ट नाही असे मानणाऱ्यापाशी या निकालाचे स्पष्टीकरण काय असणार? तो म्हणेल, पायथॉनची खोड. खोड नाही. फळ्यात तीन रांगा नाहीतच. एकच रांग आहे आणि तिच्याकडे जाणारे तीन बाण आहेत. चूक इतकी नेहमीची आहे की पायथॉनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत तिला स्वतंत्र नोंद आहे. आता पहिल्या ओळीकडे परत पहा. तिथेही रेघेच्या त्याच किंमतीकडे तीन बाण आहेत, पण तिथे काही बिघडले नाही. का? कारण रेघ ही स्ट्रिंग आहे आणि पायथॉनमधली स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही. जे बदलत नाही ते एक आहे की तीन, याने फरक पडत नाही. जे बदलते त्याच्या बाबतीत हा फरक सर्वस्व आहे. पुस्तकाची अर्धी प्रकरणे या एका निरीक्षणावर उभी आहेत.

याच्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा घेतला जातो : आतल्या यंत्रणेत पॉइंटर आहेत म्हणून भाषेत आहेत असे म्हणणे चूक आहे. सगळे प्रोग्रॅम शेवटी जंप सूचनांत उतरतात, म्हणून पायथॉनमध्ये गो-टू आहे असे आपण म्हणत नाही. पायथॉनचा इंटरप्रिटर सी मध्ये लिहिला आहे आणि तो पॉइंटरांनी भरलेला आहे, म्हणून पायथॉनमध्येही पॉइंटर आहेत असे कसे म्हणता? आक्षेप रास्त आहे, आणि इंटरप्रिटरच्या पोटातले पॉइंटर दाखवून आपली बाजू मांडणारे त्याच्यापुढे हरतात. म्हणून माझा युक्तिवाद यंत्रणेवर उभा नाही. कसोटी भाषेच्या आतली आहे : एकच वस्तू दोन नावांनी दिसते आहे, की दोन सारख्या वस्तू आहेत, हे त्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला ओळखता येते का? व्हाइल लूपच्या आत जंप आहे की आणखी काही, हे व्हाइल लिहिणाऱ्याला कोणत्याही प्रयोगाने कळत नाही; म्हणून तो यंत्रणेचा तपशील. एका नावाने बदल करून दुसऱ्या नावाने पाहणे मात्र कोणालाही दोन ओळींत करता येते. पायथॉनने तर त्यासाठी ‘इझ’ हा वेगळा ऑपरेटर दिला आहे, आणि जावात दोन ऑब्जेक्टांमध्ये दुहेरी बरोबरचे चिन्ह टाकले की तेच विचारले जाते. जावाची आधुनिक यंत्रणा या कसोटीला आणखी बळ देते. तिचा गार्बेज कलेक्टर ऑब्जेक्ट मेमरीत इकडून तिकडे हलवतो. प्रोग्रॅम चालू असताना वस्तूचा पत्ता बदलतो. तरीही रेफरन्स त्याच वस्तूचा राहतो. पत्ता बदलला आणि दुवा टिकला, तर दुवा म्हणजे पत्ता नव्हे, याहून स्वच्छ पुरावा मागता येणार नाही.

या कसोटीला हद्द आहे, आणि ती मान्य केली नाही तर दावा फुगेल. हॅस्केलसारख्या शुद्ध फंक्शनल भाषेत साध्या किंमती कधी बदलत नाहीत. दोन नावे एकाच यादीकडे नेतात की सारख्या दोन याद्यांकडे, हे तिथे सरळ मार्गाने विचारताच येत नाही. तिथे पॉइंटर ही संकल्पना प्रोग्रॅमरसाठी खरोखरच मावळते. नातेसंबंधी डेटाबेसमध्येही तसेच. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी आपले रिलेशनल मॉडेल मांडले तेव्हा त्यांना नेमके हेच टाळायचे होते : आधीच्या डेटाबेसांत नोंदीवरून नोंदीकडे दुव्यांनी वाट काढत जावे लागे, आणि दुव्यांची रचना बदलली की वरचे प्रोग्रॅम मोडत. चार्ल्स बॅकमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग व्याख्यानात प्रोग्रॅमरला वाटाड्या नाविक मानले होते. कॉड यांना ते नाविकपण संपवायचे होते, आणि एसक्यूएल वापरणाऱ्यांपुरते ते संपले. फॉरेन की ही पॉइंटर नव्हे. ती साधी किंमत आहे, छापता येते, कोणत्याही दिशेने जुळवता येते. तेव्हा सगळ्याच वरच्या पातळीच्या भाषांत पॉइंटर आहे असे मी म्हणत नाही. जिथे बदलणारी वस्तू आहे आणि तिला एकापेक्षा जास्त वाटा आहेत, तिथे आहे. जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट, सी शार्प, रुबी, पीएचपीचे ऑब्जेक्ट, सगळे या कुंपणाच्या आत येतात. आणि हॅस्केलमध्येही वाटून वापरायची बदलती जागा हवी झाली की ‘आयओरेफ’ नावाने दुवा परत मागवावा लागतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. पॉइंटरांनी इतके नुकसान केले की ते विसरलेलेच बरे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. नुकसान खरे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा-त्रुटींपैकी, आणि क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये आपल्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी, सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापरातून आलेल्या आहेत असे सांगितले. पण त्या त्रुटी कोणत्या? हद्दीबाहेरचा कप्पा वाचणे, सोडून दिलेली जागा पुन्हा वापरणे. म्हणजे आपल्या गाठोड्यातली तिसरी गोष्ट, सत्ता. ती काढून घेतली हे उत्तमच झाले. दुवा मात्र काढलेला नाही, आणि दुव्याच्या चुकांचा हिशेब अजून चालू आहे. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेने सुरक्षिततेसाठी जो नियम घातला तो पहा : एका वस्तूकडे एका वेळी वाचणारे कितीही असोत, किंवा बदलणारा एकच असो; दोन्ही एकदम नाही. या नियमात पत्त्याचा उल्लेख नाही. तो पूर्णपणे वाटून घेण्याबद्दल आहे. सुरक्षित भाषा घडवणाऱ्यांनी दुखणे कुठे आहे हे ओळखले. आपण शिकवताना मात्र दुखणे स्टारच्या चिन्हात आहे असे सांगत राहतो.

महाराष्ट्रात पॉइंटर आणि सी यांची गाठ इतकी पक्की का बसली, याला कारण आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने कित्येक पिढ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवले, आणि त्यांनी सी मधल्या पॉइंटरवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. आकृत्या आणि छोटे प्रोग्रॅम यांतून कठीण विषय समजावण्याची त्यांची रीत आम्हा सर्वांनी उचलली. पण विषयाचे घर सी आहे असे एकदा ठरले, आणि जावा-पायथॉनचे पाठ त्या घराबाहेर वाढले. याच महाराष्ट्रात, पवईच्या आयआयटीत, उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी केलेले काम वेगळी दिशा दाखवते. हीप मेमरीतल्या दुव्यांचे विश्लेषण करणारा त्यांचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता : गार्बेज कलेक्टर ज्या वस्तूपर्यंत पोचता येते ती ठेवून देतो, पण पोचता येणारी प्रत्येक वस्तू पुढे वापरली जाणार असतेच असे नाही. मग प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून, कोणता दुवा यापुढे निरुपयोगी आहे हे शोधायचे आणि तिथे नल भरायचा, म्हणजे कलेक्टरला जागा मोकळी करता येते. त्यांनी हे जावाच्या प्रोग्रॅमांवर करून दाखवले. ज्या भाषेत पॉइंटर नाहीत असे वर्गात सांगितले जाते, तिच्यातल्या दुव्यांचा माग काढणे हा कंपायलरच्या अभ्यासातला जिवंत आणि कठीण विषय आहे.

नोकरीतही याचा प्रत्यय लगेच येतो. नाशिकमधून पुण्याला किंवा इथल्याच एखाद्या छोट्या कंपनीत वेबच्या कामाला लागलेला मुलगा जावास्क्रिप्ट आणि रिॲक्ट वापरतो. तो यादीत थेट एक घटक ढकलतो, यादी बदलते, पडदा मात्र जसाच्या तसा. कारण रिॲक्ट विचारते ते एवढेच : ही तीच यादी आहे का? उत्तर हो आले की पुन्हा चित्र काढायची गरज नाही असे ते मानते. नवी यादी करून दिली की पडदा हलतो. ‘असेच करायचे असते’ म्हणून ही रीत पाठ करणारे खूप आहेत. ज्याच्या डोळ्यांपुढे बाण आहे त्याला पाठ करावे लागत नाही. पायथॉनमध्ये फंक्शनच्या डिफॉल्ट यादीत आधीच्या कॉलचे घटक साठून राहणे, जावात एखाद्या जुन्या मॅपने हजारो ऑब्जेक्ट धरून ठेवल्यामुळे मेमरी संपणे, वरवरच्या कॉपीमुळे मूळ नोंद बदलणे, ही सगळी एकाच घराण्यातली दुखणी आहेत.

याला ‘पॉइंटर’ म्हणावे की ‘रेफरन्स’, यावर मी भांडणार नाही. रेफरन्स म्हटल्याने मूल घाबरत नसेल तर खुशाल म्हणावे. हरकत एवढीच की नाव बदलताना आकृती पुसली जाऊ नये. फिलिप गुओ यांचे ‘पायथॉन ट्यूटर’ हे साधन जगभर वापरले जाते, आणि ते पायथॉनचा प्रोग्रॅम पायरीपायरीने चालवताना पडद्यावर काय काढते, तर चौकटी आणि बाण. जे शिकवायला बाण लागतो, ते तिथे आहे.

हे पुस्तक मराठीत आहे, आणि ते एकट्याने वाचता यावे असे लिहिले आहे. मराठीतून शिकवणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्ये आहे. त्याच्यासारख्या दूरशिक्षणाच्या वाटेने शिकणाऱ्यापुढे फळ्यावर बाण काढणारे शिक्षक रोज नसतात. त्याला छापील आकृतीवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून इथे आकृत्या भरपूर आहेत आणि प्रत्येक उदाहरण पायथॉन, जावा आणि सी अशा तिन्ही भाषांत, शेजारी शेजारी दिले आहे. पहिल्या चार प्रकरणांत मात्र सी चा स्तंभ मुद्दाम रिकामा ठेवला आहे आणि एकही पत्ता छापलेला नाही. तिथे फक्त नावे, वस्तू आणि दुवे आहेत. सी आधीपासून येणाऱ्यांना ही प्रकरणे सोपी वाटतील आणि ती ओलांडून पाचव्यावर जाण्याचा मोह होईल. तसे करू नये, कारण पाचव्या प्रकरणातला पत्ता चौथ्यातल्या दुव्यावरच बसवलेला आहे. आणि सर्वांनाच एक विनंती आहे. कोणतेही उदाहरण चालवण्याआधी वहीत चौकटी काढा, बाण काढा, प्रोग्रॅम काय छापेल ते लिहून ठेवा, आणि मगच चालवा. उत्तर चुकले तर प्रोग्रॅम दुरुस्त करायला जाऊ नका; आधी आकृतीतला चुकलेला बाण शोधा.